सोतवोल्दीची सरळ रेघ

आमच्या बाझार-कुर्गानात मूर्ख पुष्कळ आहेत, चोरही आहेत. दोघांनाही मी ओट्यावर बसवून पियालाभर चहा पाजीन. मूर्खाला कळत नाही, आणि चोराला निदान काहीतरी हवं असतं. सोतवोल्दीला सगळं कळत होतं, आणि जे केलं त्यातून त्याला कवडी मिळाली नाही. असल्या माणसाचं काय करायचं असतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्याला मी जन्मापासून ओळखते. सोतवोल्दी म्हणजे विकत घेतलेला. त्याच्या आईची आधीची तीन मुलं जुलाबानं गेली, तिन्ही उन्हाळ्यातच, आणि तिसरं तर भिंत धरून चालायला लागलं होतं. चौथा झाला तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या सांगण्यावरून तिनं बाळ खिडकीतून शेजारणीच्या हातात दिलं आणि ताटभर कोंडा मोजून परत घेतलं. मरण दारात आलं तर त्याला वाटावं, हे पोर या घरचं नव्हेच. शेजारीण म्हणजे माझी आई. कोंड्याचं ताट मी धरलं होतं. सात वर्षांची होते मी.

एवढ्या मुश्किलीनं राहिलेलं पोर, त्याला कोण रागावणार? आई घास घेऊन मागे मागे फिरायची. रडला की सगळी गल्ली गप्प. त्यामुळे झालं असं की, कोणाचा चढा आवाज ऐकायची त्याला सवयच लागली नाही. मोठा झाला, मिशा फुटल्या, ओश शहरात जाऊन खाद्यपदार्थांच्या तंत्राची पदवी घेऊन आला, तरी कोणी मोठ्यानं बोललं की तो आधी 'हो' म्हणून टाकायचा. पदवी मात्र काचेत घालून पाहुण्यांच्या खोलीत लावली होती, आणि पांढरा कोट घालून तो बाजारात कांदे आणायला जायचा. "डॉक्टर, गुडघा दुखतो हो," असं एखाद्या म्हातारीनं म्हटलं तर हा तिला सुधारायचा नाही. गुडघा दाबून बघायचा!

इनोयत अकाचा, म्हणजे आमच्या मालकदादाचा, अक्रोडाचा कारखाना जुन्या सरकीच्या गिरणीमागे आहे. वरच्या जंगलातून पोत्यांनी अक्रोड येतात, गावातल्या बायका घरी बसून फोडतात, आणि गर आमच्या टेबलावर येतो. आम्ही चौदा जणी होतो. पांढुरका गर एकीकडे, तपकिरी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे, टरफल आणि खडा बादलीत. वीस वर्षं मी हेच केलं. सोतवोल्दी तिथं तंत्रज्ञ म्हणून लागला, कारण त्याची बायको महफुझा ही इनोयतच्या बायकोच्या नात्यातली. त्याचं काम काय ते पहिली दोन वर्षं कोणालाच कळलं नाही. तो टेबलामागून हात पाठीशी बांधून फिरायचा आणि "छान, छान" म्हणायचा.

मग दूरदेशचे गिऱ्हाईक अडून बसले. म्हणाले, गर वाफेवर धरल्याशिवाय आम्ही घेणार नाही, त्यात रोगाचे जंतू असतात. इनोयत आठ दिवस शिव्या देत फिरला आणि शेवटी वाफेचं यंत्र आणलं. कपाटाएवढी लोखंडी पेटी. जाळीच्या तबकांत गर भरायचा, दार घट्ट लावायचं, आतली हवा ओढून घ्यायची, वाफ सोडायची, काही मिनिटं धरायची, आणि मग गरम हवेवर गर पुन्हा कोरडा करायचा. पेटीच्या पोटात काडीएवढी एक सळई जायची, तिला लांब वायर, आणि वायरीच्या टोकाला भिंतीवर एक डबा. त्यात कागदाची गोल चकती फिरायची आणि पेटीत किती ताप आहे त्याची लाल रेघ त्या चकतीवर उमटायची. शिकवायला एक तुर्की उस्ताद आला होता, चार दिवस राहिला.

आणि खरं सांगते, सोतवोल्दी शिकला. भराभर शिकला. उस्ताद गेल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं, आणि ते इतकं सुरेख समजावलं की मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला होता.

"अक्रोड पडतो कुठं?" त्यानं विचारलं.

"झाडाखाली," आम्ही म्हणालो.

"आणि झाडाखाली उन्हाळाभर चरतं कोण?"

"तुझी गाय," तुर्सुनोय म्हणाली. ही आमच्यातली सगळ्यात फटकळ. नवरा ट्रकखाली गेला तेव्हापासून दोन पोरी एकटीनं वाढवत होती, आणि जीभ तेवढीच एक वस्तू तिच्याकडे धारेची राहिली होती.

सगळ्या हसल्या. तोही हसला. "माझीच गाय. तिचं शेण, मेंढ्यांच्या लेंड्या, त्यावर पाऊस, त्यावर अक्रोड. मग तो ओल्या हातानं सोलायचा, भिजवून फोडायचा. जंतू गरावर आला. आता तुम्हाला वाटतं, वाळवला की मेला. नाही मरत! वाळला की तो झोपतो. सहा महिने, वर्षभर झोपतो. वास नाही, चव नाही, बुरशी नाही. गर दिसतो कसा, तर नव्या नवरीसारखा. आणि पोटात गेला की उठतो."

"मग भाजून घ्यावा तव्यावर," मी म्हटलं.

"कोरड्या आगीला तो दाद देत नाही, सालिया आपा. वाळलेला जंतू चिवट होतो. त्याला ओली वाफच पाहिजे. आणि वाफेतून निघालेला गर पुन्हा त्याच पोत्यात, त्याच फावड्यानं भरला, तर केलेलं सगळं पाण्यात. ही बाजू मळकी, ती बाजू स्वच्छ. मधे भिंत."

"आमच्या आया-आज्या न वाफवताच खात होत्या," तुर्सुनोय म्हणाली.

"आणि दर उन्हाळ्यात पोरं पुरत होत्या," तो म्हणाला. एवढंच. पण त्याच्या घरची तीन छोटी थडगी आम्हा सगळ्यांना माहीत होती.

म्हणून म्हणते, त्याला कळत होतं. पुस्तकातलं कळत होतं, घरातलंही कळत होतं.

ऑक्टोबरभर त्यानं काम चोख केलं. दर घाण्याला चकतीवर रेघ डोंगरासारखी वर चढायची आणि उतरायची. दिवसाला बारा-तेरा डोंगर. प्रत्येक मालातून नमुना आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जलालाबादच्या प्रयोगशाळेत जायचा, निकाल येईपर्यंत तो माल बाजूला. मग एका दुपारी इनोयत गोदामात आला. त्यानं वाफवलेल्या गराची मूठ उचलली आणि खिडकीशी नेऊन बघितली.

"हे काय? काळं पडलं."

"किंचित, इनोयत अका. वाफेनं जरा रंग—"

"जरा? पांढऱ्याचा तपकिरी केलास माझा माल! सालपट सुटलंय बघ. तू याचं सूप करतोयस की काय? गाढवा!"

बस. एवढंच झालं होतं. वाफ कमी वेळ धरून, नीट सुकवून रंग सांभाळता येतो, उस्तादानं त्याला तसं दाखवलंही होतं. त्याला दोन दिवस खटपट करावी लागली असती आणि मालकासमोर उभं राहून दोन वाक्यं बोलावी लागली असती. "अका, रंग थोडा उतरेल, पण माल खरा असेल." इतकी दोन वाक्यं. ती त्याच्या तोंडातून निघाली नाहीत. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, मी बघतो," आणि इनोयत गेल्यावर बराच वेळ कोटाचं बटण उघडझाप करत बसला.

दुसऱ्या आठवड्यापासून गर पुन्हा पांढराशुभ्र यायला लागला. इनोयत खूश. "बघा, रागावलो तर जमलं की नाही!"

मला कळलं ते जानेवारीत. बोटं गारठली होती म्हणून मी शेकायला बॉयलरच्या खोलीत गेले. पेटीचं दार सताड उघडं, आत मांजर झोपलेलं. चुलीवर किटली खदखदत होती. किटलीच्या झाकणाला एक भोक पाडलेलं, आणि त्या भोकातून वायर आत गेलेली. भिंतीवर चकती फिरत होती, लाल पेन रेघ ओढत होतं. सोतवोल्दी खुर्चीत मोबाइलवर सोंगट्या खेळत होता.

मला बघून तो उठला. मग खाली बसला.

"आपा, चहा घेणार?" तो म्हणाला.

"यातला?"

"पाणी स्वच्छ आहे की. सळई धुतलेली असते."

मी म्हटलं, "सोतवोल्दी, हे काय करतोयस?"

"सुरुवातीला मी दर घाण्याच्या वेळेला सळई बाहेर काढून पुन्हा आत घालत होतो," तो म्हणाला, जणू मी त्याच्या मेहनतीला दाद देणार होते. "डोंगर नीट दिसावेत म्हणून. पण हात भाजतात, आपा. कोण बघतंय चकत्या? कोणी बघत नाही."

"आणि जलालाबादला नमुना जातो तो?"

त्यानं कपाटावरच्या पत्र्याच्या डब्याकडे नजर टाकली. ऑक्टोबरमधला, नीट वाफवलेला गर त्यानं डबाभर काढून ठेवला होता. प्रत्येक मालाचा नमुना त्याच डब्यातून जात होता. प्रत्येक निकाल स्वच्छ. एवढी अक्कल! एवढी अक्कल आणि एवढी काटकसर त्यानं खोटेपणाला लावली. त्याच्या निम्मी खऱ्या कामाला लावली असती तर त्या पेटीनं सोनं ओतलं असतं.

"मालकाला सांग," मी म्हटलं.

"तुम्ही पाहिलंत ना ते कसे ओरडले?" त्याचे डोळे भरून आले. मिशीवाला बाप्या, दोन पोरांचा बाप, ओरडले म्हणून डोळे भरून आले! "सांगू नका, आपा. तुमच्या आईनं मला—"

"विकलं," मी म्हटलं. "स्वस्तात."

पण सांगितलं मीही नाही. हे लपवून कशाला ठेवू? मला वाटलं, माझी नोकरी जाईल. वाटलं, दूर कुठं जाणारा माल, कोण खाणार, आपल्याला काय. मी टेबलाशी परत गेले आणि पांढुरका एकीकडे, तपकिरी दुसरीकडे करत राहिले. सोतवोल्दीवर थुंकताना थोडी थुंकी माझ्याच पदरावर पडते, ती मी पुसत नाही.

एप्रिलमध्ये इनोयतच्या नातवाची सुंता होती. पाच वर्षांचा दियोर, गुबगुबीत पोरगा, जरीचा अंगरखा आणि डोक्यावर त्याच्या डोक्याहून मोठी टोपी. दोनशे माणसं. अंगणात जेवणाचे दस्तरखान पसरलेले, दोन कढया पलाव, आणि प्रत्येक ताटाजवळ अक्रोडाचा ढीग: आमच्याच कारखान्याचा, पहिल्या प्रतीचा, मधात घोळलेला. इनोयत स्वतः फिरून आग्रह करत होता. "घ्या, घ्या! परदेशी जातो तो माल आहे हा. तिकडचे लोक वाफेवर शुद्ध केल्याशिवाय हात लावत नाहीत. घ्या!"

सोतवोल्दी त्याच्या मागे मागे. "अगदी शुद्ध," तो म्हणत होता. "शंभर टक्के."

मी बायकांच्या बाजूला महफुझाजवळ बसले होते. तिची दोन पोरं मधाच्या अक्रोडाकडे हात नेत होती. तेवढ्यात सोतवोल्दी खाली वाकला. मला वाटलं, पोरांचं नाक पुसायला वाकला असेल. त्यानं दोघांची मनगटं धरली आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्रोड खायचा नाही. एकही नाही. बाकी काहीही खा."

"का?" महफुझानं विचारलं.

"दात खराब होतात. तूही नको खाऊस."

आणि तो उठला, आणि पुढच्या घोळक्यात जाऊन एका म्हाताऱ्याच्या तळहातावर त्यानं स्वतः मधातला अक्रोड ठेवला.

माझ्या तोंडात तेव्हा तिसरा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा थुंकून टाकता आलं असतं, उभं राहून ओरडता आलं असतं. दोनशे माणसं, वाजंत्री, यजमानाचं घर, पोराचा आनंदाचा दिवस. मी गिळला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून गाव आडवं पडायला लागलं. आधी पोटात मुरडा, मग ताप, मग कोणाला कुठं धावायचं सुचेना. साठ-पासष्ट माणसं असतील. माझे चार दिवस भिंतीला धरून गेले. दियोरला जलालाबादच्या दवाखान्यात नेलं. नऊ दिवस तो तिथं होता. आजी सांगायची, पोराचा अंगठा धरला तर कागदासारखा लागत होता. वाचला तो, पण घरी आला तेव्हा ती मोठी टोपी त्याच्या कानांवर उतरली होती.

सोतवोल्दीच्या घरी सगळे ठणठणीत.

तिसऱ्याच दिवशी, अजून मी अंथरुणात होते, इनोयतनं त्याला बोलावलं. काय झालं असेल? तुर्सुनोय खिडकीबाहेर होती, तिनं ऐकलं.

"मालात काही होतं का?" इनोयतनं विचारलं.

"मालात? शक्यच नाही, अका. सगळ्या चकत्या आहेत माझ्याकडे. सगळे निकाल स्वच्छ आहेत." आणि मग जरा थांबून: "बायकांचे हात... मी किती वेळा सांगितलं धुवा म्हणून. विशेषतः ती तुर्सुनोय. तिच्या धाकटीला मागच्या महिन्यात जुलाब होते म्हणे."

त्याच संध्याकाळी तुर्सुनोयला काढलं. दारातून, सगळ्यांदेखत. इनोयत ओरडला, "माझ्या नातवाला विष घातलंस!" ती त्याला म्हणाली, "मी घातलं असतं तर आधी तुम्हाला घातलं असतं," पण तिच्या पोरींनी नंतर सांगितलं, घरी गेल्यावर आई रात्रभर हात घासत बसली होती. आणि तिला काढलं तेव्हा सोतवोल्दी दारात उभा होता, पांढऱ्या कोटात, आणि मान हलवत होता. दुःखानं.

आठवड्यानं आरोग्य कचेरीची डॉक्टर आली. बुरुल एजे, वर डोंगरातल्या नारिनकडची किर्गिझ बाई, निवृत्तीला आलेली; एजे म्हणजे त्यांच्या बोलीत ताई. पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवायची आणि प्रत्येक पायरीला वाईट शब्द बोलायची. आल्या आल्या म्हणाली, "चकत्या आणा."

सोतवोल्दीनं गठ्ठा आणला, फितीनं बांधलेला. एजेनं तो आमच्या टेबलावर पसरला. आम्ही बायका मागे उभ्या.

"हा ऑक्टोबर. डोंगर, दरी, डोंगर, दरी. एक घाणा, एक डोंगर. बरोबर?"

"बरोबर, एजे."

"हा जानेवारी. सरळ रेघ. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, सरळ. दार न उघडता गर आत गेला कसा?"

"यंत्रात सुधारणा केली आम्ही. आता ते सलग चालतं."

"अस्सं. आणि हे खळगे कसले? दर पाऊण तासाला एकेक. छोटासा."

तो गठ्ठ्याची फीत गुंडाळायला लागला.

"मी सांगू? मी पण चहा करते घरी. पाणी आटलं की गार पाणी ओतते." तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "रेघ कितीवर आहे?"

"सत्त्याण्णव."

"आपल्या या उंचीवर पाणी किती अंशाला उकळतं, इंजिनियर साहेब?"

"पुस्तकात... शंभर आहे."

"पुस्तक समुद्रकाठी छापलं असेल. इथं किटली बरोबर सत्त्याण्णवला उकळते."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. कोणी त्याच्यावर ओरडत नव्हतं, तरीही. मी आत गेले. सळई त्यानं केव्हाच पेटीत परत घातली होती, किटली घासून पालथी ठेवली होती. पण झाकणाला पाडलेलं भोक कुठं जाणार? मी झाकण आणून एजेच्या समोर ठेवलं. ती उठली, लंगडत पेटीपर्यंत गेली, सळई बाहेर काढली आणि भोकात घातली. अंगठी बोटात बसावी तशी बसली.

इनोयत कोपऱ्यात उभा होता.

"तू हे कधीपासून बघतेस?" एजेनं मला विचारलं.

"जानेवारीपासून."

"आणि आता एप्रिल संपत आला."

"हो."

तिनं सोतवोल्दीकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, त्याच नजरेनं माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहायला घेतलं.

मग सोतवोल्दीनं जे केलं, ते बघायला नको होतं असं मला वाटतं. तो इनोयतच्या पायांशी बसला. "अका, तुम्हीच म्हणालात काळं पडलं. तुम्हाला आवडलं नसतं म्हणून. तुमच्यासाठी केलं, अका. मी स्वतःसाठी काय घेतलं? विचारा कोणालाही, मी एक दाणा घरी नेला नाही!"

"ते माहीत आहे," मी म्हटलं. "घरी नेला नाहीसच. पोरांना लागू दिला नाहीस."

इनोयतला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे?" आणि मी दस्तरखानावरचं सगळं सांगितलं, मनगटं धरल्याचं, दातांचं. इनोयत आयुष्यभर ओरडणारा माणूस. त्या दिवशी ओरडला नाही. तो वाकला, सोतवोल्दीच्या कोटाची बटणं एकेक करून सोडली, कोट त्याच्या अंगावरून काढला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. "जा," म्हणाला. मला वाटतं, इनोयतनं तेव्हा स्वतःचाही एखादा कोट काढायला हवा होता. रंगासाठी बोंबलणारा तोच. पण मालकांचे कोट कोण काढतं?

कारखाना दीड महिना बंद राहिला. पोतीच्या पोती गर खड्ड्यात पुरला. मला नोकरीवर ठेवलं, का ते मी विचारलं नाही. उघडताना एजेनं अट घातली की यंत्रापाशी असं माणूस ठेवा ज्याला 'नाही' म्हणता येतं. सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "तुर्सुनोय!" इनोयतला तिच्या घरी जावं लागलं. तिनं त्याला अंगणात उभं ठेवलं, आधी कोंबड्यांना दाणा टाकला, मग पायऱ्या झाडल्या, मग विचारलं, "कोण पाहिजे?"

आता ती यंत्र चालवते. उस्तादाच्या वहीतली चित्रं बघून शिकली, पोरीकडून अक्षरं वाचून घेतली. पहिल्याच महिन्यात इनोयत मूठ घेऊन खिडकीशी गेला.

"तुर्सुनोय, हा घाणा जरा काळा पडलाय."

"पडू दे. तुमचा नातू पडला होता त्यापेक्षा गोराच आहे."

तो मूठ परत ठेवून गेला. अशा दोन वाक्यांनी जग बुडत नाही, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वाफ किती धरायची, किती वाळवायचं याचा हिशेब तिला पंधरवड्यात बसला, आणि गर जवळजवळ पूर्वीसारखाच पांढरा येतो. म्हणजे तेही जमण्यासारखं होतं.

सोतवोल्दीवर खटला झाला, दंड झाला, पदवीचं काम करायला मनाई झाली. मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. मग त्यानं ठरवलं, रशियाला जायचं, बांधकामावर. आमच्यात लांब जाणारा माणूस निघताना दारोदार जाऊन राजी करून घेतो, कळत-नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा म्हणतो. तोही निघाला. आधी इनोयतकडे गेला, तिथं दार उघडलं नाही. मग आरोग्य कचेरीतल्या शिपायाकडे, मग मशिदीच्या इमामाकडे, मग ज्यांचा ज्यांचा गावात शब्द चालतो त्यांच्याकडे. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेल्या दोन नान होत्या.

"सालिया आपा, राजी व्हा माझ्यावर. कळत-नकळत काही झालं असेल—"

"नकळत काय झालं ते सांग आधी."

तो रुमालाची गाठ चाचपत राहिला.

"तुर्सुनोयकडे गेलास?"

"जाणार आहे. गाडी चारला आहे, वेळ मिळाला तर." मग हळूच म्हणाला, "ती ओरडेल, आपा."

"ओरडेल की."

"तुम्ही सांगाल तिला? माझ्या वतीनं?"

"नाही."

त्यानं उंबऱ्यावर रुमाल ठेवला आणि निघाला. तुर्सुनोयचं घर माझ्या दारातून डावीकडे, चौथं. मी उभी राहून बघत होते. तो फाटकाशी थांबला, डावीकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि उजवीकडे वळला. चारला अजून दोन तास होते.

आमच्यात नान टाकून देत नाहीत. मी त्या आत आणल्या आणि चहात बुडवून खाल्ल्या. महफुझाच्या हातच्या होत्या, चांगल्या भाजलेल्या.